फाइल मिळते, वाचता येत नाही

महोदय,

दृष्टिहीन विद्यार्थ्यांसाठी तंत्रज्ञान म्हटले की लॅपटॉप आणि टॅबच्या वाटपाची चर्चा होते. त्यांवर वाचायला दिले जाणारे साहित्य कसे तयार झाले आहे, याकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही, आणि खरी अडवणूक तिथेच होते.

पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारे एनव्हीडीए हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि ते मराठीही वाचते. अट एवढीच, की मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही संगणकाला अक्षरे ओळखता येतील अशा प्रमाणित संकेतप्रणालीत, हवा. माझ्या परिचयातील कला शाखेच्या एका दृष्टिहीन विद्यार्थिनीला परीक्षेच्या तोंडावर अर्थशास्त्राच्या नोट्स मिळाल्या. ती मोबाइलवर काढलेल्या फोटोंची पीडीएफ असल्याने संगणक पानामागून पान 'ब्लँक' म्हणत राहिला. दुसऱ्या विषयाची फाइल टाइप केलेली होती, पण युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमध्ये. तिथे मराठी वाक्यांऐवजी इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची निरर्थक माळ ऐकू आली. डोळस माणसाला या दोन्ही फाइली व्यवस्थित दिसतात, म्हणूनच पाठवणाऱ्याला आपले काही चुकले आहे याची कल्पनाही नसते. ओसीआरने, म्हणजे चित्रातली अक्षरे ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरने, फोटोतला मजकूर काढता येतो हे खरे. परंतु जोडाक्षरे चुकतात, तक्ते विस्कटतात आणि मागणी-पुरवठ्याचा आलेख तर हातीच लागत नाही. अखेर मैत्रिणीला सवड होईल तेव्हा तिच्याकडून वाचून घ्यावे लागते, आणि परीक्षेच्या दिवसांत तिलाही सवड कुठून असणार?

प्रताधिकाराची (कॉपीराइटची) सबब येथे टिकत नाही. प्रताधिकार कायद्यातील 2012 च्या दुरुस्तीने दिव्यांगांसाठी पुस्तके सुगम स्वरूपात आणण्याची मुभा दिली, आणि या विषयावरील माराकेश कराराला 2014 मध्ये मान्यता देणारा भारत हा पहिला देश होता. दिव्यांग हक्क कायदा, 2016 च्या कलम 42 नुसार इलेक्ट्रॉनिक माध्यमातील मजकूर सुगम असावा यासाठी पावले उचलणे ही शासनाची जबाबदारी आहे. शिवाय महाविद्यालयाने स्वतः तयार केलेल्या नोट्सना कोणाच्या परवानगीची गरजच नसते.

विद्यापीठांनी येत्या शैक्षणिक वर्षापूर्वी संलग्न महाविद्यालयांना परिपत्रक काढावे: अभ्याससाहित्य आणि सराव प्रश्नपत्रिका युनिकोडमध्येच द्याव्यात, पीडीएफसोबत मूळ टाइप केलेली फाइल जोडावी, प्रत्येक आकृतीचे दोन-तीन वाक्यांत वर्णन लिहावे, आणि साहित्य पाठवण्यापूर्वी ते एकदा एनव्हीडीए लावून कानांनी तपासावे.

– एक वाचक, पुणे