रोजची पाच गणितं, सुट्टी नाही!

मंडळी, सोमवारपासून परत रोज रात्री दहाच्या आत पाच गणितांचा वहीचा फोटो ग्रुपवर टाकायचाय, आणि फोटो म्हणजे खाडाखोडीसकट, फेअर करून टाकलेलं नको कारण मग चूक कुठे झाली तेच कळत नाही. १७ नंबरचा फॉर्म भरून शाळेत न जाता बाहेरून दहावीला बसणारे आपण सगळे नोकरी-घर सांभाळून करतोय हे मान्य, पण रविवारी एकदम चार तास बसून बुधवारपर्यंत सगळं साफ विसरतं, माझं तरी हेच झालंय 😅

या आठवड्यात वर्गसमीकरणं, फक्त अवयव पाडून. मधलं पद उणे १५ आणि शेवटचं अधिक ५४ असेल तर आकडे उणे ९ आणि उणे ६, दोन्ही उणे! मी तीन दिवस एक अधिक एक उणे घेत होतो आणि पुस्तकातलं उत्तर चुकलंय म्हणून भांडत होतो. दोन्ही आकड्यांची बेरीज आणि गुणाकार करून बघा, दहा सेकंद लागतात.

ज्यांचं दुकान आहे त्यांनी जीएसटीची गणितं बाकीच्यांना समजावा प्लीज. २५०० वर १८ टक्के म्हणजे ४५०, त्यातले २२५ केंद्राचे २२५ राज्याचे, हे तुम्ही बिलावर रोजच बघता.

बीजगणित ४० मार्कांचं, भूमिती ४० ची, वेळ दोन-दोन तास, म्हणून घड्याळ लावूनच सोडवा. मोबाईलचा कॅल्क्युलेटर बंद. ड्युटी रात्रीची असेल त्यांनी सकाळी टाकलं तरी चालेल, फक्त आधी सांगा.