एकट्या प्रवाशाचे बुकिंग स्वीकारून ऐनवेळी खोली नाकारल्याबाबत

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
ऑनलाइन हॉटेल बुकिंग विभाग, मुंबई

विषय : हरिहरेश्वर येथील पक्के बुकिंग व त्याचा रोखलेला परतावा

महोदय,

आपल्या अ‍ॅपवरून मी हरिहरेश्वर (ता. श्रीवर्धन, जि. रायगड) येथील एका लॉजमध्ये खोली आरक्षित केली होती. पाहुण्यांच्या संख्येच्या रकान्यात मी ‘एक’ असे स्पष्ट नोंदवले होते, आपण ते स्वीकारून पूर्ण रक्कम आगाऊ घेतली आणि बुकिंग पक्के झाल्याचा संदेशही पाठवला. माणगावपर्यंत रेल्वेने आणि पुढे एसटीने मी संध्याकाळी तेथे पोहोचले, तेव्हा व्यवस्थापकाने माझ्या पाठीवरच्या सॅककडे आणि मग माझ्यामागे, दारापर्यंत, पाहिले आणि विचारले, “बरोबर कोण आहे?” कोणी नाही म्हटल्यावर त्याने उघडलेले रजिस्टर मिटले. “मॅडम, एकट्या माणसाला आम्ही रूम देत नाही. कंपनीला हे आधीच कळवलेलं आहे.”

एकट्याने उतरलेल्या पाहुण्याचे काही बरेवाईट झाले तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही लॉजवाल्यांची धास्ती मी समजू शकते, जरी ती मला पटत नसली तरी. पण त्याचे म्हणणे खरे असेल, तर ही अट ठाऊक असताना एका व्यक्तीचे पैसे आपण कशाच्या आधारावर घेतलेत, हा माझा प्रश्न आपल्याला आहे.

मुक्कामाची तारीख मी सहज निवडलेली नव्हती. काळभैरव मंदिरामागून डोंगराच्या खिंडीतून पायऱ्या उतरून जो प्रदक्षिणामार्ग समुद्रालगत जातो, तो ओहोटीतच चालता येतो. तेथील खडक लाटांनी आणि खाऱ्या वाऱ्याने झिजून मधाच्या पोळ्यासारखे सच्छिद्र झालेले आहेत आणि मला ते सावकाश पाहायचे होते. पौर्णिमेच्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर पूर्ण ओहोटी पहाटे सहाच्या आसपास येते व पुढे रोज साधारण पन्नास मिनिटांनी लांबते, म्हणून मंदिरापासून चालत जाता येईल असे ठिकाण मी मुद्दाम घेतले होते. प्रत्यक्षात अंधार पडल्यावर रिक्षाने श्रीवर्धनला जाऊन दुसरी खोली शोधावी लागली आणि सकाळी वाहन मिळून परत येईपर्यंत भरती चढू लागली होती. अशा वेळी त्या खडकांवर उतरणे जिवावर बेतू शकते, त्यामुळे मी पायऱ्यांवरूनच मागे फिरले. दुसऱ्या दिवशी कामावर हजर व्हायचे असल्याने पुढच्या ओहोटीसाठी थांबणे शक्य नव्हते.

त्या संध्याकाळी लॉजच्या ओट्यावरूनच मी आपल्या ग्राहक सेवेला फोन केला. बराच वेळ संगीत ऐकवल्यावर “हॉटेलशी बोलून कळवतो” असे उत्तर मिळाले आणि नंतर जे कळवण्यात आले ते असे, की ग्राहक मुक्कामी पोहोचलाच नाही, सबब परतावा देय नाही. न पोहोचलेल्या ग्राहकाने लॉजच्या दारातून तक्रार कशी नोंदवली, याचा खुलासा आपणच करावा. त्या कॉलची नोंद, एसटीचे तिकीट आणि श्रीवर्धनच्या खोलीची पावती सोबत जोडली आहे.

माझी पूर्ण रक्कम, तसेच रिक्षाचा व दुसऱ्या खोलीचा खर्च मला मिळावा, ‘नो-शो’ ही खोटी नोंद काढून टाकावी आणि जे लॉज एकट्या प्रवाशाला घेत नाहीत, ते एका व्यक्तीच्या शोधात दिसणारच नाहीत अशी व्यवस्था करावी. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार या तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात होणे बंधनकारक आहे. तसे न झाल्यास २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार मी राहते त्या जिल्ह्याच्या, म्हणजे मुंबईतीलच, ग्राहक आयोगाकडे दाद मागेन.

आपली,
एक ग्राहक, दादर, मुंबई
(नाव व बुकिंग क्रमांक सोबतच्या प्रतीत)