गिअर किती ते नको, कोणते ते सांगा

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दहावी-बारावीचे निकाल लागून प्रवेशांची धावपळ सुरू झाली की सोलापुरात गिअरच्या सायकलींची खरेदी वाढते, आणि दुकानात शिरल्यावर बहुतेक पालक पहिला प्रश्न विचारतात तो ‘किती गिअरची आहे?’ हा. ‘एकवीस’ असे उत्तर आले की समाधान होते. माउंटन बाइक निवडताना हा आकडा फारसा उपयोगाचा नाही. सायकल पुढे धड चालणार की नाही हे ज्यावर ठरते त्या शिफ्टर (हँडलवरून गिअर बदलायची कळ) आणि डिरेलर (चेन एका चकतीवरून दुसरीवर सरकवणारा भाग) यांच्या जोडीबद्दल मात्र सहसा कोणी विचारत नाही.

स्वस्त माउंटन बाइकला पुढे ४२, ३४ व २४ दात्यांच्या तीन चकत्या आणि मागे १४ ते २८ दात्यांचे सात चकत्यांचे फ्रीव्हील (चाकावर आट्यांनी फिरवून बसवायचा चकत्यांचा संच) ही मांडणी सर्रास आढळते. पुढे ४२ आणि मागे २८ ठेवले तर पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक दीड फेरे घेते. पुढे २४ आणि मागे १६ ठेवले तरी दीडच. कागदावर हे दोन वेगळे गिअर आहेत, पायांना एकच. त्यातच पुढची मोठी व मागची मोठी, किंवा दोन्हीकडच्या लहान, अशा जोड्यांत चेन तिरकी ओढली जात असल्याने त्या टाळाव्या लागतात. याउलट पुढे ३२ दात्यांची एकच चकती आणि मागे ११ ते ४६ दात्यांची कॅसेट (चाकावर सरकवून बसवायचा चकत्यांचा संच) घेतली, तर मागे १४ ते ३४ चे फ्रीव्हील असलेल्या एकवीस गिअरच्या सायकलीचा सर्वांत हलक्या गिअरपासून सर्वांत जड गिअरपर्यंत जो पल्ला, जवळपास तोच दहा गिअरांत मिळतो. पुढचा डिरेलर, त्याचा शिफ्टर, त्याची वायर आणि त्या तिघांच्या तक्रारी आपोआप जातात. अशी सायकल महाग पडते हे खरे. पण ज्या मुलाला जुळे सोलापुरातून कॉलेजला जाऊन यायचे आहे, त्याला आपल्या सपाट शहरात पुढे एक आणि मागे सात किंवा आठ एवढेही पुष्कळ होतात. कोजागरीला आपण ज्या रस्त्याने तुळजापूरला चालत जातो, त्याच रस्त्यावरचा घाट सायकलने चढायचा असेल, तरच मागच्या मोठ्या चकतीचे दाते मोजून घ्यावेत.

शिफ्टरचा प्रत्येक खटका वायर ठरावीक अंतर ओढतो आणि डिरेलर त्या ओढीच्या प्रमाणात चेन सरकवतो. हे प्रमाण सगळीकडे एकसारखे नाही. स्रॅम या कंपनीचा शिफ्टर शिमानो या दुसऱ्या कंपनीच्या डिरेलरशी सहसा जुळत नाही, आणि एकट्या शिमानोच्या माउंटन बाइकच्या सामानातही नऊ गिअरपर्यंतचे (म्हणजे मागे नऊ चकत्यांपर्यंतचे) प्रमाण एक व दहा गिअरपासून पुढचे वेगळे आहे. त्यामुळे नऊ गिअरच्या सायकलीवर दहाचा डिरेलर ‘भारीतला’ म्हणून बसवला, तर पैसे जाऊनही गिअर अडखळतच राहतात. सात, आठ आणि नऊ गिअरच्या डिरेलरांत मात्र पुष्कळ मोकळीक आहे. सात गिअरच्या शिफ्टरबरोबर आठचा डिरेलर खुशाल चालतो. कॅसेट हवी असेल तर मागचा हबही (चाकाचा मधला भाग) कॅसेटचाच लागतो, फ्रीव्हीलच्या हबवर ती बसत नाही.

शिफ्टरच्या प्रकारांबद्दल थोडेच. मुठीसारखा फिरवायचा शिफ्टर मला आपल्याकडच्या उन्हाळ्यात पटत नाही, कारण घामाने हात घसरतो आणि खड्ड्यातून जाताना नको तेव्हा गिअर पडतो. अंगठ्याने व तर्जनीने दाबायचा खटक्याचा शिफ्टर घ्यावा, आणि शक्यतो तो ब्रेकच्या लिव्हरपासून सुटा असावा. एकत्र असला तर शिफ्टर बिघडल्यावर धडधाकट लिव्हरही बदलावी लागते.

गिअर नीट पडत नाहीत म्हणून डिरेलर बदलण्यापूर्वी दोन गोष्टी तपासायला हव्यात, आणि दुर्दैवाने त्याच तपासल्या जात नाहीत. पहिली म्हणजे वायरचे बाहेरचे आवरण. ब्रेकच्या आवरणात तार वेटोळ्याची असते, गिअरच्या आवरणात तारा लांबीच्या दिशेने असतात. ब्रेकचे आवरण गिअरला वापरले तर ते दाबले जाते आणि खटक्याचा हिशेब चुकतो. डिरेलर कितीही चांगला असला तरी त्याचा इलाज नाही. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल याच आवरणात शिरतो, तेव्हा आधी वायर व आवरण बदलावे. दुसरी गोष्ट म्हणजे ज्या पट्टीवर डिरेलर लटकतो तो हँगर. स्टँडवरची सायकल उजव्या अंगावर पडली की हा अ‍ॅल्युमिनियमचा तुकडा वाकतो, आणि फ्रेम वाचावी म्हणून तो वाकण्यासाठीच केलेला असतो. सायकलच्या मागे उभे राहून पाहावे : डिरेलरच्या दोन लहान चाक्या मागच्या चकतीच्या सरळ खाली, एका रेषेत दिसायला हव्यात. खालची चाकी आरे असलेल्या बाजूला झुकलेली दिसली तर हँगर वाकला आहे. फ्रेमगणिक त्याचा आकार बदलतो, म्हणून नवी सायकल घेतानाच एक जादा हँगर मागून ठेवावा.

या सगळ्यात ग्राहकाची अडचण अशी की बिलावर केवळ ‘एमटीबी, २१ स्पीड’ (माउंटन बाइक, २१ गिअर) एवढेच लिहिलेले असते. शिमानोचे टर्नी, अल्टस, असेरा, अलिव्हियो आणि दिओर अशा चढत्या श्रेणी आहेत. ‘शिमानो गिअर’ या दोन शब्दांत त्यांपैकी कोणतीही बसू शकते. म्हणून शहरातील सायकल विक्रेत्यांना आपल्या दैनिकाद्वारे विनंती आहे की बिलावर शिफ्टर व डिरेलर यांचे नाव आणि मॉडेल क्रमांक, मागे फ्रीव्हील की कॅसेट, आणि तिच्या सर्वांत लहान व सर्वांत मोठ्या चकतीचे दाते लिहून द्यावेत. बिलावर दोन ओळी वाढतील, पण दुरुस्तीच्या वेळी मिस्त्रीला जुळणारा भाग त्यावरूनच मागवता येईल.

आपला,
एक सायकलस्वार वाचक,
सोलापूर