सिल्व्हर ओक म्हणजे ओक नव्हे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला बोर्निओच्या झाडावरचा लेख वाचला. ओकच्या कुळातल्या या झाडाचं ट्रायगोनोबॅलॅनस हे नाव मराठी दैनिकात मी पहिल्यांदाच पाहिलं, त्याचा आनंद झाला. पण वर अर्धं पान व्यापणारं छायाचित्र सिल्व्हर ओकचं आहे! केशरी-पिवळा कंगव्यासारखा फुलोरा, नेच्यासारखी कातरलेली पानं. माझ्या शेजारणीनेही ते ओळखलं, कारण तसंच झाड आमच्या कॉलनीच्या फाटकाशी उभं आहे. खाली फक्त ‘संग्रहित छायाचित्र’ एवढंच.

सिल्व्हर ओक ऑस्ट्रेलियाचा, मॅकाडेमियाच्या कुळातला. त्याच्या शेंगेतून चपटं, पंख असलेलं बी पडतं. ओकचं फळ वाटीत बसलेलं असतं. या दोघांत नाव सोडून काहीही सारखं नाही.

हे इतकं मनाला लागण्याचं कारण सांगते. 2017 साली मी एका सहल कंपनीबरोबर बोर्निओतल्या सबा या मलेशियाच्या राज्यात गेले होते. तीस वर्षं मुलांना वनस्पतिशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्या सहलीत मला एकच गोष्ट बघायची होती, ती म्हणजे हेच ट्रायगोनोबॅलॅनस. किनाबालू उद्यानाच्या मुख्य केंद्रापाशी, साधारण दीड हजार मीटर उंचीवर, धुक्यात ओल्या झालेल्या पायवाटेने तिथला वाटाड्या आम्हाला घेऊन गेला. एका झाडापाशी थांबून त्याने फांदी दाखवली. एका पेरावर तीन पानं, पुढच्या पेरावर पुन्हा तीन. बुंध्यातून धुमारे फुटून खोडांचा झुबकाच झाला होता. खाली पडलेलं फळ त्याने तळहातावर घेतलं. नखाएवढं, तीन धारांचं. या तीन कोनांवरूनच लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या फोरमन यांनी 1962 मध्ये या प्रजातीला नाव दिलं. बघून झाल्यावर त्याने ते फळ जिथून उचललं तिथेच ठेवलं.

मी वही काढली आणि सहल व्यवस्थापकाने हाका मारायला सुरुवात केली. पोरिंगच्या गरम झऱ्यांची वेळ झाली होती. मी दहा मिनिटं मागितली. “मॅडम, झाडं काय, आपल्याकडेही आहेत,” असं उत्तर मिळालं आणि सगळे हसले. चित्र अर्धवट राहिलं. बसमध्ये बसल्यावर डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पण ओकच्या कुळातलं एकही झाड सह्याद्रीत आपसूक उगवत नाही. त्यासाठी हिमालय किंवा ईशान्य भारत गाठावा लागतो. “आपल्याकडेही आहेत” म्हणणाऱ्या त्या माणसाच्या मनात सिल्व्हर ओकच असणार.

लेखातलं एक वाक्यही दुरुस्त करायला हवं. ‘ओक हे मूळचे थंड देशातले वृक्ष, उष्ण जंगलात ते चुकून टिकले’ असं आपण छापलं आहे. या कुळातल्या लिथोकार्पस या एकट्या प्रजातीच्या तीनशेहून अधिक जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेक आशियाच्या उष्ण व उपोष्ण पट्ट्यातल्या आहेत. किनाबालूच्या वर्षावनात तर हे कुळ पावलोपावली भेटतं. ट्रायगोनोबॅलॅनस दुर्मिळ आहे तो वेगळ्या कारणाने. त्याची सर्वांत जवळची भावंडं एक थायलंड-युनानमध्ये आणि एक थेट कोलंबियात आहे. मधल्या युरोप-उत्तर अमेरिकेत या गोताचे फक्त जीवाश्म मिळतात. एवढी मोठी गोष्ट आपल्या लेखात एका ओळीतही नाही.

जाता जाता आणखी एक. मी रोज फिरायला जाते त्या सार्वजनिक बागेत सिल्व्हर ओकवर ‘ओक – क्वेर्कस’ अशी, म्हणजे खऱ्या ओकच्या शास्त्रीय नावाची, पाटी आहे, तीही चार इंची खिळा ठोकून. खिळ्याभोवतीची साल काळी पडली आहे. दोन अर्ज दिले, उत्तर नाही. शाळेची मुलं वही घेऊन येतात आणि तेच नाव उतरवून नेतात. आता आपल्या पुरवणीचं कात्रणही त्यांच्या प्रकल्पवहीत चिकटेल.

येत्या रविवारी दुरुस्ती छापावी, ती लेखाएवढ्याच ठळकपणे. माझ्याकडे त्या फांदीचा फोटो आहे. धुक्यामुळे फिकट आला आहे, पण प्रत्येक पेरावरची तीन पानं मोजता येतात. आपण म्हणाल त्या पत्त्यावर पाठवते.

— एक निवृत्त शिक्षिका, सातारा