विम्बल्डनच्या फुटबॉलबद्दलही छापा

संपादक महोदय,
विम्बल्डन म्हटलं की आपल्याकडे नुसतं टेनिस, पण लंडनच्या एएफसी विम्बल्डन या फुटबॉल क्लबबद्दल पण लिहा ना कधीतरी. १९८८ ला लिव्हरपूलला १-० हरवून एफए कप (इंग्लंडमधली मोठी नॉकआउट स्पर्धा) जिंकलेला जुना विम्बल्डन क्लब २००२ मध्ये मिल्टन कीन्स या दुसऱ्याच गावाला न्यायला परवानगी मिळाली, म्हणजे नव्वदेक किलोमीटर लांब, असं कसं चालेल, आणि फॅन्सनी काय केलं तर सरळ स्वतःचा नवा क्लब, म्हणजे हाच एएफसी विम्बल्डन, काढला, विम्बल्डन कॉमनवर उघड्यावर ट्रायल्स घेऊन प्लेयर निवडले आणि पार नवव्या पायरीच्या लीगपासून सुरुवात केली! २०११ ला फुटबॉल लीगमध्ये म्हणजे चौथ्या पायरीवर, २०२० ला जुन्या क्लबचं मैदान जिथे होतं त्या विम्बल्डनमधल्या प्लाउ लेनवर परत. आजही क्लबवर कंट्रोल फॅन्सच्याच ट्रस्टचा. मिल्टन कीन्सवाल्यांनी २००७ ला जुन्या क्लबच्या ट्रॉफ्या मर्टनला (विम्बल्डन ज्यात येतं तो लंडनचा भाग) परत दिल्या, ते फार बरं झालं.
– एक वाचक, पुणे