आजीसाठी ओफ्रेंदा

तीर्थरूप आई-बाबांना साष्टांग नमस्कार.

बाबा, तुम्ही विचारलंत, गेलेल्यांच्या दिवसाला इतके रंग आणि गोडधोड कशासाठी? मेक्सिकोत मानतात की १ नोव्हेंबरला गेलेली लहान मुलं आणि २ नोव्हेंबरला मोठी माणसं घरी येतात. लांबून येतात, दमलेली, तहानलेली. ओफ्रेंदा म्हणजे त्यांच्या पाहुणचाराची मांडणी. वर्षाने घरी येणाऱ्या माणसापुढे कोण तोंड पाडून बसेल? तुम्ही तेव्हा इथे असाल, तर आजीसाठी मांडू या.

पायऱ्या दोन, तीन किंवा सात असतात. आपल्याला तीन पुरतील. गौरीपुढच्या आराशीसारखी खोकी रचून वर कापड घालायचं. वर फोटो, मधे जेवण, खाली मेणबत्त्या आणि धूप. पेलाभर पाणी तहानेसाठी, वाटीत मीठ शुद्धीसाठी. वरून पापेल पिकादोच्या माळा, म्हणजे नक्षी कापलेले पातळ रंगीत कागद. पुएब्ला राज्यातल्या सान साल्वादोर उइश्कोलोत्ला गावचे कारागीर कागदांची चळत रचून छिन्नीने ते एकदम कापतात. माळ मेणबत्तीच्या बरोबर वर नको. झुळूक आली की कागद वाकतो आणि पेटतो.

फूल आपला झेंडूच, इथला सेंपासूचिल. दसऱ्याच्या तोरणातला झेंडू मूळचा याच मातीतला आहे, आई. दारापासून ओफ्रेंदापर्यंत पाकळ्यांची वाट करतात, रंग आणि वास धरून पाहुण्याने यावं म्हणून. पाकळ्या त्याच संध्याकाळी तोडायच्या. ओल्या ढिगात ठेवल्या तर काळ्या पडतात. धूप कोपालचा; ही राळ गुग्गुळाच्या कुळातल्या झाडाची. कोळशावर पांढरी राख धरल्याशिवाय ती टाकायची नाही, नाहीतर नुसता काळा, घशात बसणारा धूर होतो.

खरं कौशल्य पावात, पान दे मुएर्तोत. ५०० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, १० ग्रॅम कोरडं यीस्ट, चिमूटभर मीठ, ३ अंडी, १२० मिली कोमट दूध, संत्र्याची किसलेली साल. हे चांगलं मळून झाल्यावरच १०० ग्रॅम मऊ लोणी थोडंथोडं घालायचं; आधी घातलं तर पीठ ताणत नाही. पीठ दुप्पट फुगलं की मूठभर बाजूला काढून त्यात दोन चमचे मैदा मळायचा. ही पावावरच्या हाडांच्या आकारांची कणीक. उरलेल्याचे तीन गोळे करायचे. बोटं फाकवून वळलेल्या पट्ट्या प्रत्येकावर आडव्या-उभ्या ठेवून मध्ये कवटीची गोळी बसवायची. हाडं पसरून सपाट झाली, तर त्यांची कणीक सैल होती किंवा दुसऱ्यांदा फुगवताना तासापेक्षा जास्त वेळ गेला. १८० अंशांवर सुमारे २५ मिनिटं. साखरेमुळे रंग लवकर चढतो, तेव्हा वर फॉइल झाका. पाव कोमट झाल्यावर लोणी लावून साखर भुरभुरवायची. गरमावर ती विरघळून चिकट होते.

बाकी आजीच्या आवडीचं ताट. ते त्या संध्याकाळी ताजं, वाफाळतं ठेवायचं, कारण येणारा वासच घेतो असं मानतात.

ओफ्रेंदावर जिवंत माणसाचा फोटो सहसा ठेवत नाहीत. म्हणून येताना आजीचा एकटीचा फोटो आणा. आणि आई, तिला चहाबरोबर काय लागायचं ते नक्की आठवून ठेव.

तुमची,
लेक