हातमोजे मुद्दामच मोठे विणलेत, आत्या

ट्रॉम्सो, नॉर्वे

प्रिय आत्या,
सा. न.

फोटो बघून विचारलंस ना, "अरे, हे माणसाचे की हत्तीचे?" माप बरोबर आहे. इथे हातमोजे असेच ऐसपैस विणतात आणि मग गरम पाण्यात घालून आटवतात. आपल्या घरात स्वेटर आटला की केवढा गहजब व्हायचा, आणि इथली माणसं तेच हौसेने करतात!

लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आली की केस एकमेकांत सरकतात, खवले अडकतात आणि परत सुटत नाहीत. वीण मिटून जाड, घट्ट कापड होतं. वारा आत शिरत नाही.

विणायला तुझ्या दृष्टीने पोरखेळ आहे. जाड लोकर, सहा-सात मिलिमीटरची सुई आणि सैल हात. तुझ्यासारखं घट्ट विणलं तर केसांना सरकायला जागाच राहत नाही. मनगटापासून गोल विणत जायचं, म्हणजे सगळे टाके सुलटच. बोटं वेगळी नाहीत, अंगठा तेवढा सुटा. उंची रुंदीपेक्षा जास्त आटते, म्हणून लांबी साधारण दीडपट आणि रुंदी सव्वापट धरायची. नक्षीत जीव घालवू नकोस, शेवटी टाकासुद्धा ओळखू येत नाही.

मग मशीन. चाळीस अंशांवर, थोडा साबण आणि सोबत आपटायला दोन-तीन टेनिसचे चेंडू. बाहेर येतात तेव्हा ओल्या मेंढीचा वास येतो आणि अंगठा आतून चिकटून बसलेला असतो. लगेच आत बोट घालून तो सोडवायचा, ओले असतानाच हातात चढवून आकार द्यायचा. एकदा वाळले की तुझी सगळी ताकद लावलीस तरी हलायचे नाहीत.

पूर्वी इथले कोळी हेच घालून समुद्रावर जायचे. मोठे विणलेले हातमोजे खारं पाणी आणि रोजच्या कामाने आणखी आटत, घट्ट होत. लोकर ओली झाली तरी ऊब धरते, हाच तिचा खरा गुण. म्हणून मेमधल्या तुमच्या चारधामसाठी मला हेच सुचले. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे, तिथे पाऊस कधी गाठेल सांगता येत नाही, आणि काका काही छत्री धरून चालणाऱ्यातले नाहीत.

आता मुद्द्याचं. तू पाठवलेली ती गुलाबी लोकर रंगाला झकास आहे, पण आटणार नाही. आपल्याकडे दुकानात लोकर म्हणून मिळते त्यातली बरीचशी अ‍ॅक्रिलिक असते. तुझ्या पेटीतल्या लोकरीच्या गुंड्यांचं एकेक टोक चिमट्यात धरून जाळून बघ. केस जळल्याचा वास आला आणि राख बोटांनी चुरली, तर खरी लोकर. वितळून कडक मणी झाला, तर अ‍ॅक्रिलिक. त्याचं तू बाळांची टोपडीच कर. आणि खरी असली तरी वेष्टनावर 'सुपरवॉश' लिहिलेलं असेल तर नको. आटू नये म्हणून त्यातले खवलेच आधी घालवलेले किंवा झाकलेले असतात.

इथे सध्या सूर्य उगवतच नाही, जानेवारीच्या मध्यापर्यंत हेच. ऑफिसनंतर दिव्याखाली विणत बसायला वेळच वेळ आहे, तेव्हा दोघांचेही मीच करतो. फक्त काकांचा उजवा पंजा वहीच्या कागदावर पसरून पेन्सिलीने कड काढ आणि शेजारी फुटपट्टी ठेवून फोटो पाठव. काका हात हलवतात, तेव्हा मनगट दाबून धर. तुझाही तसाच काढ, अंगठी उतरवून. रंग लवकर कळव. काकांना विचारत बसू नकोस, ते काळाच म्हणतील.

तुझा लाडका भाचा